तबकडीचा सातबारा

लंडनच्या दक्षिणेस ब्रिक्स्टन या वस्तीत १९२९ च्या ऑगस्टमध्ये अस्टोरिया नावाचे जे भव्य चित्रपटगृह उघडले, त्याच्या रंगमंचावरची कमान व्हेनिस नगरीतील रिआल्टो पुलाच्या घाटाची आहे, आणि तिच्या दोन्ही अंगांस इटालियन उद्यानाचा आभास निर्माण करणारे शिल्पकाम आहे. बोलपटांच्या उदयकाळी बांधलेली ही वास्तू १९७२ साली चित्रपटगृह म्हणून बंद पडली, आणि १९८३ पासून ‘ब्रिक्स्टन अकॅडमी’ या नावाने, सुमारे पाच हजार श्रोत्यांना सामावून घेणारे रॉक संगीताचे सभागृह म्हणून तिला दुसरा जन्म मिळाला. या सभागृहात १४ डिसेंबर १९९२ च्या रात्री पेव्हमेंट नावाच्या अमेरिकन बँडने जे गायनवादन केले, ते इतर हजारो रात्रींच्या वादनाप्रमाणे त्या नक्षीदार कमानीखाली विरून गेले नाही. ते फितीवर उतरले, हातोहात फिरले, आणि ‘स्ट्रे स्लॅक’ असे नाव धारण करून एका अनधिकृत लाइव्ह आल्बमच्या रूपाने रसिकांच्या संग्रहांत जाऊन बसले. त्यावर बँडची मोहोर नव्हती, प्रकाशक कंपनीची सनद नव्हती, आणि कोणत्याही दप्तरात त्याची नोंद नव्हती. तथापि पुढे दहा वर्षांनी, २००२ साली, त्याच रात्रीचे तेच वादन बँडच्या कंपनीने आपल्या अधिकृत आवृत्तीत सन्मानाने दाखल करून घेतले.

ज्या वस्तूला एका दशकात बेकायदा ठरवले गेले, तीच दुसऱ्या दशकात वारसा म्हणून कशी स्वीकारली गेली, आणि या दोन अवस्थांच्या मधल्या काळात ती कोणी व कोणत्या भावनेने सांभाळली, हा प्रश्न मला अनेक वर्षे अस्वस्थ करीत आला आहे. संगीतावर मालकी कोणाची, हे सांगणे कायद्याला फारसे कठीण नाही. परंतु जे संगीत मालकानेच जपून ठेवलेले नाही, त्याच्या रक्षणाची जबाबदारी कोणाची, हे सांगणे कठीण आहे.

*

पेव्हमेंटची हकीकत सुरू होते ती कॅलिफोर्नियाच्या मध्यवर्ती खोऱ्यातील स्टॉकटन या गावी. सभोवार शेतमळे, आणि समुद्रापासून इतके आत असूनही नदीच्या आधाराने चालणारे बंदर, असे हे गाव. लॉस एंजेलिस किंवा सॅन फ्रान्सिस्को यांचे वलय त्याला कधीच लाभले नाही. १९८९ च्या जानेवारीत स्टीफन माल्कमस आणि स्कॉट कॅनबर्ग हे दोन बालमित्र आपली गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी गॅरी यंग नावाच्या गृहस्थाकडे गेले. यंगने आपल्या राहत्या घरातच एक स्टुडिओ थाटला होता, आणि त्याचे नाव ठेवले होते ‘लाउडर दॅन यू थिंक’. तो या दोघांहून बारा-तेरा वर्षांनी वडील. मुलांची गाणी ऐकता ऐकता तोच ड्रमवर जाऊन बसला, आणि ध्वनिमुद्रण करून देणारा मनुष्य अशा रीतीने बँडचा ड्रमवादक झाला. त्या बैठकीतून ‘स्ले ट्रॅक्स’ ही छोटी तबकडी निघाली. तिच्या हजार प्रती या मंडळींनी पदरमोड करून काढल्या.

पेव्हमेंटचे संगीत ज्या ‘इंडी रॉक’ प्रकारात मोडते, त्या शब्दातील ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र. बड्या कंपन्यांच्या भांडवलावर न विसंबता लहान प्रकाशकांच्या साह्याने किंवा स्वतःच्या खर्चाने तबकड्या काढणाऱ्यांची ही परंपरा होय. साधनांची टंचाई हा तिच्यात दोष मानला जात नाही. किंबहुना फितीची खरखर, सुराचा निसटता काठ आणि मध्येच ढासळणारी लय यांतूनच माणसाचा हात ओळखू येतो, अशी या परंपरेची श्रद्धा आहे. १९९१ साली शिकागोच्या ड्रॅग सिटी या कंपनीने पेव्हमेंटची जी दहा इंची तबकडी काढली, तिचे नाव होते ‘परफेक्ट साउंड फॉरएव्हर’. कॉम्पॅक्ट डिस्क प्रथम बाजारात आली तेव्हा तिच्या जाहिरातीत झळकलेले निर्दोष आणि चिरंतन ध्वनीचे हे आश्वासन या तरुणांनी उचलले आणि आपल्या ओबडधोबड, कुरकुरत्या तबकडीच्या माथी लिहिले. ध्वनीची शुद्धता वेगळी आणि संगीताची सत्यता वेगळी, हे त्यांचे म्हणणे त्या एका नावात आले होते.

‘स्लँटेड अँड एन्चँटेड’ हा त्यांचा पहिला पूर्ण आल्बम १९९०-९१ च्या हिवाळ्यात यंगच्या त्याच घरात तयार झाला. न्यूयॉर्कच्या मॅटाडोर कंपनीने तो प्रसिद्ध केला १९९२ च्या एप्रिलमध्ये. मधल्या वर्ष-सव्वा वर्षात मात्र तो मुका राहिला नव्हता. त्याच्या कॅसेटवरील नकला समीक्षकांच्या आणि जाणकारांच्या हाती फिरत होत्या, आणि दुकानात येण्यापूर्वीच त्याची कीर्ती दुमदुमू लागली होती. म्हणजे या बँडच्या अधिकृत आल्बमचेही पहिले आयुष्य नकलेचेच होते, ही गोष्ट ‘स्ट्रे स्लॅक’चा विचार करताना नजरेआड करून चालणार नाही.

त्या आल्बमच्या वेळी माल्कमस, कॅनबर्ग आणि यंग असे तिघेच वादक होते आणि बेस गिटार वाजवणारा कोणी नव्हता. रंगमंचावर उभे राहण्याची वेळ आली तेव्हा मार्क आयबोल्ड बेस घेऊन आला, आणि बॉब नास्तानोविच हा माल्कमसचा व्हर्जिनिया विद्यापीठातील मित्र दुसरा तालवादक म्हणून दाखल झाला. या दुसऱ्या तालवादकाची गरज का पडली, याचे कारण मोठे मानवी आहे. यंगचा हात प्रतिभावंताचा होता, परंतु मद्याच्या अमलाखाली तो केव्हा भरकटेल याचा नेम नसे; तेव्हा लय सुटू लागली की ती धरून ठेवणारा एक विश्वासू हात शेजारी असावा, म्हणून नास्तानोविचची योजना झाली. हाच यंग मैफलीपूर्वी सभागृहाच्या दारात उभा राहून येणाऱ्या श्रोत्यांचे स्वागत करी, त्यांच्या हाती कोबीचे गड्डे ठेवी, आणि वादन चालू असताना ड्रम सोडून रंगमंचावर हातांवर उभा राही. १९९३ साली तो बँडमधून बाहेर पडला. त्याच्या जागी आलेल्या स्टीव्ह वेस्टने लय सुरळीत केली, आणि बँड पुढच्या कीर्तीच्या वाटेला लागला.

सारांश, गॅरी यंग ड्रमवर असलेला हा पाच जणांचा पेव्हमेंट फार थोडा काळ अस्तित्वात होता, आणि त्या काळातील त्याचे खरे रूप, म्हणजे रंगमंचावरचे रूप, पहिल्या आल्बमवर सापडत नाही. ते सापडते ब्रिक्स्टनच्या रात्रीत. जी गाणी तबकडीवर बेसवाचून, जणू पायाशिवाय तरंगत होती, त्यांच्याखाली येथे आयबोल्डने जमीन घातली आहे. नास्तानोविचच्या आरोळ्यांनी त्यांना आखाड्यातली धग आली आहे. आणि यंगचे ड्रम पुढे धावतात, अडखळतात, पुन्हा सावरतात, तेव्हा श्रोत्याचा श्वासही त्यांच्याबरोबर अडतो आणि सुटतो. स्टुडिओतील तबकडी हा बँडचा विचार आहे, आणि ब्रिक्स्टनचे ध्वनिमुद्रण हा त्याचा देह.

*

अशी ध्वनिमुद्रणे घडतात कशी, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. स्थूलमानाने त्यांचे तीन प्रकार पडतात. पहिले, ध्वनियंत्रणेच्या मिक्सरवरून थेट उतरवून घेतलेले. यात गळा आणि वाद्ये स्वच्छ ऐकू येतात, परंतु सभागृह नाहीसे होते आणि वादक जणू निर्वात पोकळीत वाजवीत आहेत असे वाटते. दुसरे, नभोवाणीवरील प्रक्षेपण श्रोत्याने घरी टिपलेले. आणि तिसरे, सर्वांत जोखमीचे व माझ्या मते सर्वांत जिव्हाळ्याचे, म्हणजे श्रोत्यांत उभे राहून केलेले.

१९९२ च्या सुमारास हा तिसऱ्या प्रकारचा उद्योग करणाऱ्याच्या अंगावर साधारणतः सोनी कंपनीचा व्यावसायिक दर्जाचा वॉकमन असे, आणि कोटाच्या अस्तरात अथवा टोपीच्या काठात दडवलेले दोन बारीक मायक्रोफोन असत. दारावरच्या झडतीतून ते आत न्यायचे, आवाज नीट पोचेल अशी जागा गर्दीत धरायची, आणि मग तासभर टाळी न वाजवता, न गाता, शेजाऱ्याशी एक अक्षर न बोलता स्तब्ध उभे राहायचे; कारण आपला स्वतःचा आवाज मायक्रोफोनला सर्वांत जवळचा. आजूबाजूचे सहस्रावधी लोक बेभान होत असताना एकाने स्वखुशीने निश्चल राहावे, याला मी एक प्रकारचे व्रतच मानतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, आणि ती कोणत्या गाण्याच्या मध्यावर संपेल हे कोणालाच ठाऊक नसते. काळोखात बोटांनी चाचपून झाकण उघडायचे, कॅसेट उलटायची, पुन्हा दाबायची. या दहा-पंधरा सेकंदांत जे वाजले ते गेले. अशा फिती ऐकताना गाणे मध्येच तुटते आणि दुसऱ्याच कडव्यावर पुन्हा सुरू होते, त्या भेगेत मला त्या अनाम माणसाची थरथरती बोटे दिसतात.

पुढे या फितीच्या नकला होत, नकलांच्या नकला होत, आणि दर पिढीला खरखर एक थर वाढून सूर एक पाऊल मागे सरके. कॅसेटच्या खोक्यातील कागदावर बारीक अक्षरात गावाचे नाव, सभागृहाचे नाव, तारीख आणि गाण्यांची यादी लिहिलेली असे, आणि ‘ही कितवी पिढी’ याची नोंद प्रामाणिक संग्राहक आवर्जून करी, एखाद्या पोथीच्या लेखनिकाने शेवटी शक आणि तिथी घालावी तशी. या देवघेवीचा शिरस्ताही ठरलेला होता: कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवावा, नक्कल घ्यावी, विकू नये.

*

मालकाच्या परवानगीवाचून केलेली ही टिपणी आजची नव्हे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा या संस्थेचा ग्रंथपाल लायोनेल मॅपलसन याने १९०१ ते १९०३ या काळात एडिसनच्या फोनोग्राफवर, प्रथम रंगमंचालगतच्या प्रॉम्प्टरच्या खोबणीतून आणि नंतर रंगमंचाच्या माथ्यावरच्या माळ्यावरून, चालू प्रयोगांतील गायनाचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतले. त्यांतला ध्वनी इतका क्षीण आहे की समुद्राच्या गाजेपलीकडून कोणी गात असल्याचा भास व्हावा. तथापि ज्याँ द रेझ्के या त्या युगातील अग्रगण्य गायकाचा कंठ आज जो ऐकू येतो तो याच नळकांड्यांवर. १९६९ साली लॉस एंजेलिसमध्ये बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची ‘ग्रेट व्हाइट वंडर’ ही कोऱ्या पांढऱ्या वेष्टनातील जोडतबकडी निघाली, आणि रॉक संगीतातील अनधिकृत तबकड्यांचे पर्व सुरू झाले. डिलनचीच १७ मे १९६६ ची मँचेस्टर येथील मैफल लंडनच्या अल्बर्ट हॉलच्या नावावर वर्षानुवर्षे चोरून विकली गेली. ती अधिकृतपणे निघाली १९९८ मध्ये. तोवर तीन दशके त्या रात्रीची स्मृती, चुकीच्या नावाने का होईना, जिवंत ठेवली ती या बेकायदा तबकड्यांनीच.

परंतु येथे दुसरी बाजू तितक्याच गांभीर्याने मांडली पाहिजे. संग्राहकांच्या निरपेक्ष देवघेवीशेजारीच एक रोकडा व्यापार उभा होता. लंडनच्या कॅमडेन बाजारात अशा कॅसेटींच्या राशी उघड्यावर विकल्या जात. आणि नव्वदीच्या प्रारंभी जर्मनी व इटली या देशांतील कायद्याच्या फटींचा लाभ घेऊन मैफलींच्या चकचकीत सीडी तयार होत व युरोपभर पसरत. त्या विक्रीतला एक छदामही वादकाच्या पदरी पडत नसे. निकृष्ट वादन आपल्या नावावर खपते आहे, हे मुकाट्याने पाहणेच त्याच्या नशिबी येई. इंग्रज गायक फिल कॉलिन्स याने १९८३ साली कॅलिफोर्नियात केलेल्या मैफलीची अशीच एक सीडी जर्मनीत विकली जात होती. जर्मन कायदा आपल्या नागरिक कलावंतांना जे संरक्षण देई ते परकीयाला त्या मैफलीपुरते देत नव्हता, म्हणून कॉलिन्सने फिर्याद केली, आणि २० ऑक्टोबर १९९३ रोजी युरोपीय न्यायालयाने निवाडा दिला की, समुदायातील एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशाने याबाबतीत आपपरभावाने वागवता येणार नाही. कलावंताच्या संमतीवाचून त्याचे सादरीकरण टिपू नये, हे तत्त्व १९६१ च्या रोम करारापासून मान्य होते. आपल्याकडेही १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ मध्ये सादरकर्त्याचा हक्क नमूद झाला. हा हक्क न्याय्य आहे, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही संदेह नाही. गवयाचा गळा ही त्याची मिरास आहे. ती त्याला न विचारता कोणी बाजारात मांडू नये.

मग प्रेमाने केलेल्या अनधिकृत कृतीचे काय करायचे? या प्रश्नाची सर्वांत हृद्य कसोटी लागली ती न्यूयॉर्कच्या सॉनिक यूथ या बँडच्या बाबतीत. पॉल स्मिथ या इंग्रज गृहस्थाने त्यांचा ‘बॅड मून रायझिंग’ हा आल्बम ब्रिटनमध्ये काढता यावा एवढ्यासाठी ‘ब्लास्ट फर्स्ट’ ही कंपनी स्थापन केली होती. म्हणजे तो उपरा नव्हता, घरचाच माणूस होता. त्याने १९८५ मधील ब्रिटनच्या दौऱ्यातील मैफलींची ध्वनिमुद्रणे एकत्र करून ‘वॉल्स हॅव इअर्स’ नावाची जोडतबकडी १९८६ मध्ये काढली, आणि तीही बँडला न विचारता. बँड रुष्ट झाला, आणि तबकडी मागे घ्यावी लागली. पुढे २०२४ साली हाच आल्बम बँडने स्वतःच्या मुखत्यारीत रीतसर प्रसिद्ध केला. अडतीस वर्षे लागली; परंतु त्या अवधीत रागाचे कारण विरले आणि उरले ते संगीत.

*

माझ्या मामांकडे एका थोर गवयाच्या खासगी मैफलीची कॅसेट होती. कोणाच्या तरी दिवाणखान्यात, सतरंजीच्या कडेला ठेवलेल्या टेपरेकॉर्डरवर ती उतरवलेली. विलंबित ख्यालाचा विस्तार ऐन भरात आला असताना एक बाजू संपे, आणि दुसरी बाजू सुरू होई तेव्हा तबला द्रुत लयीत गेलेला असे; मधल्या काळात काय घडले ते कोणालाच कळणार नव्हते. मात्र एका जागेवर गवयाने घेतलेली दाद, कोणाच्या तरी कपबशीचा किणकिणाट आणि बाहेरच्या रस्त्यावरून गेलेल्या टांग्याच्या टापा त्या फितीवर स्पष्ट होत्या. कोणी मागायला आले की मामा म्हणत, “कोरी कॅसेट घेऊन या, उद्या देतो.” पैसे देऊ करणाऱ्याला मात्र ते नक्कल देत नसत, चहा पाजून वाटेला लावत. पुढे ब्रिक्स्टनच्या मैफलीची आणि तिच्यासारख्या अनेक फितींची हकीकत मला समजली, तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला फिती उतरवणारी ती तरुण पोरे आणि धोतर नेसणारे माझे मामा एकाच शिरस्त्याचे पाईक होते, हे ध्यानी येऊन मी स्तब्ध झालो.

आपल्याकडे जमिनीचा जो सातबारा उतारा असतो, त्यात दोन नमुने एकत्र केलेले असतात. सातव्या नमुन्यात जमीन कोणाची, हक्क कोणाचे, बोजा कोणता, याची नोंद. बाराव्या नमुन्यात पीकपाहणी, म्हणजे त्या वर्षी त्या शेतात प्रत्यक्ष काय उगवले, त्याची नोंद. केवळ सातवरून शेताचा धनी समजतो, पण शेत कळत नाही. केवळ बारावरून पीक समजते, पण धनी कळत नाही. संगीताच्या दप्तरातही मला हेच दोन नमुने दिसतात. स्टुडिओत सिद्ध झालेला, नाव-निशाणीसह प्रसिद्ध झालेला आल्बम हा सातवा नमुना. ही गाणी कोणाची, त्यांचे नक्की रूप कोणते, हे तो सांगतो. आणि अमुक गावी, अमुक रात्री, अमुक माणसांनी ते गाणे प्रत्यक्षात कसे उगवले, हे सांगणारे मैफलीचे ध्वनिमुद्रण म्हणजे बारावा नमुना. कंपन्यांनी सात मोठ्या काळजीने राखला. बारा लिहिण्याची फिकीर फारशी कोणी केली नाही. तलाठ्याने जी नोंद करायची ती बांधावर उभ्या असलेल्या वाटसरूने, शिक्का नसताना, अधिकार नसताना केली. तिला कायद्याच्या दृष्टीने किंमत नव्हती. परंतु तीही नसती तर त्या वर्षीचे पीक आले होते याचा पुरावाच उरला नसता.

म्हणून अशा नोंदींच्या योग्यायोग्यतेची कसोटी मला एकच दिसते. वाटसरूने पाहणी लिहावी, पीक कापून नेऊ नये. आणि धनी आला की वही त्याच्या स्वाधीन करावी. जो विकतो तो पीक कापून नेतो. जो जपतो, देतो, आणि मागितल्यावर परत करतो, त्याला चोर म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

आणि काही धन्यांनी ही पीकपाहणी स्वतःच्या हाती घेतली, हेही सांगितले पाहिजे. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने १९८७ पासून २००२ पर्यंत हजाराहून अधिक मैफली केल्या, त्यांतील आठशेंहून अधिक मैफलींची ध्वनिमुद्रणे आपल्याच माणसांकरवी करून ठेवली, आणि २०११ पासून ती एकेक करून अल्प मोलात श्रोत्यांना खुली केली. त्यांत चुकलेले सूर आहेत, तुटलेल्या तारा आहेत, गर्दीतल्या धटिंगणांना वादन थांबवून दिलेली समज आहे. काही झाकलेले नाही. आपले संपूर्ण दप्तर असे लोकांपुढे उघडे ठेवण्यास मोठा आत्मविश्वास लागतो, आणि श्रोत्यावर तेवढाच विश्वासही लागतो.

*

पेव्हमेंटची अखेरही ब्रिक्स्टनमध्येच झाली. २० नोव्हेंबर १९९९ रोजी, त्याच कमानीखाली, माल्कमसने मायक्रोफोनच्या दांड्याला हातकड्या अडकवल्या आणि इतकी वर्षे बँडमध्ये असणे म्हणजे काय, याचे ते प्रतीक असल्याचे श्रोत्यांना सांगितले. बँड त्यानंतर दहा वर्षे विखुरलेला राहिला. ज्या सभागृहात सात वर्षांपूर्वी हीच मंडळी लय सांभाळता सांभाळता हसत होती, तेथेच त्यांनी एकमेकांपासून मोकळे होण्याची इच्छा बोलून दाखवली, ही गोष्ट ज्याने दोन्ही रात्री ऐकल्या आहेत त्याच्या काळजाला चटका लावून जाते.

मॅटाडोर कंपनीने २००२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘स्लँटेड अँड एन्चँटेड’ची दशकपूर्तीची आवृत्ती दोन सीडींवर काढली. तिच्यात मूळ आल्बम होता, जॉन पील यांच्या नभोवाणी कार्यक्रमासाठी केलेली ध्वनिमुद्रणे होती, ‘वॉटरी, डोमेस्टिक’ ही छोटी तबकडी होती, आणि १४ डिसेंबर १९९२ ची ब्रिक्स्टनची मैफल होती. सात आणि बारा अखेर एका उताऱ्यावर आले.

या मैफलीत ‘बेबी येआ’ नावाचे एक गाणे आहे. बँडच्या कोणत्याही स्टुडिओ आल्बमवर ते नाही. लोकांना ते ठाऊक झाले ते रंगमंचावरच्या या रूपातच. हे रूप टिपले गेले नसते तर ते गाणे त्या रात्रीबरोबर संपले असते, आणि त्याची उणीव कोणाला भासलीही नसती, कारण जे कधी ऐकलेच नाही त्यासाठी कोणी हळहळत नाही. परंतु ते टिकले, आणि अनेक वर्षांनी स्टॉकटन या त्याच गावी कंबोडियातून आलेल्या निर्वासित कुटुंबात वाढलेल्या अँथनी व्हेस्ना सो या तरुण लेखकाच्या कानी पडले. अकाली गेलेल्या आपल्या मित्राविषयी त्याने एक दीर्घ निबंध लिहिला आणि त्याला नाव दिले ‘बेबी येआ’. तो ‘एन प्लस वन’ या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झाला तेव्हा लेखक स्वतः या जगात नव्हता. २०२० च्या डिसेंबरात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले होते. स्टॉकटनहून निघालेले एक गाणे लंडनच्या फितीत अडकून राहते, आणि जवळजवळ तीस वर्षांनी स्टॉकटनच्याच एका शोकाकुल मुलाच्या उपयोगी पडते, याहून मोठे सार्थक त्या फितीचे कोणते व्हायचे?

गॅरी यंग १७ ऑगस्ट २०२३ रोजी निवर्तला. ती बातमी वाचल्यावर मी रात्री दिवे मालवून ब्रिक्स्टनची मैफल पुन्हा लावली. ड्रम पुढे धावले, आता सारे कोसळणार असे वाटण्याइतके धावले. शेजारून नास्तानोविचचा हात आला आणि लय पुन्हा जागेवर बसली. गाणे संपले, टाळ्या झाल्या, आणि पुढच्या गाण्यासाठी कोणीतरी गिटारची तार सुरात लावू लागले. त्या रात्री पाचही जण होते.